गळ्यातली थोरली

माझ्या लग्नात पहिली हळद मला लागलीच नाही. पहिली लागली ती तिला. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बोटाच्या पेराएवढी बाई, हात जोडून उभी. तिला पाटावर ठेवलं, दुधानं धुतलं, हळद लावली, नवी साडी दाखवली, आणि मग गुरव म्हणाला, "हं, आता उष्टी हळद नवरीला लावा." उष्टी हळद तशी कोणत्याही नवरीला लागतेच, नवरदेवाची. मला दोघांची लागली.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बायको मेलेल्या माणसानं दुसरी केली की आमच्याकडं पहिलीचा टाक करून दुसरीच्या गळ्यात बांधतात. देवघरात पितरांचे टाक असतात ना, चांदीच्या पत्र्याचे, तसाच, फक्त लहान आणि वर कडी लावलेला. मेलेल्या बाईचा जीव संसारात गुंतलेला असतो, नवी आलेली तिला खपत नाही, म्हणून तिचा मान आधी. साडी घेतली की आधी टाकाला लावायची. बांगड्या भरल्या की आधी टाकाला दाखवायच्या. पोळीचा पहिला घास टाकाला. तिला म्हणायचं थोरली, आणि जी तिला गळ्यात वागवते ती धाकली. मी धाकली.

मी आष्टीकडची. पहिल्या नवऱ्यानं मला आणून माहेरी सोडलं होतं, पदरात मूल नव्हतं, आणि भावजय रोज भांडी आदळत होती. एक शिलाई मशीन तेवढी माझी म्हणण्यासारखी होती. धारूरच्या घाटाखालच्या ह्या गावातलं स्थळ आलं तेव्हा मावशी म्हणाली, "बिजवर हाय, एक पोरगी हाय, पन खाऊनपिऊन सुखी घर हाय. तुझ्याबी आयुष्याला नवी सुरवात व्हईल." नवी सुरवात! लई गोड शब्द आहे बघा. कानावर पडला की माणूस डोळे झाकून उडी टाकतो. मीही टाकली.

त्या नव्या सुरवातीत मला काय मिळालं, तर आधी नाव मिळालं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं सासरचं नाव लिहितात. माझ्या नवऱ्यानं जे लिहिलं ते त्या घरातल्या तांब्या-पातेल्यांवर आधीच कोरलेलं होतं. सासूनं सांगितलं होतं म्हणे, तेच ठेव, थोरलीला बरं वाटंल. मी त्या तांदळाकडं बघितलं आणि मनात म्हटलं, चला, भांड्यांवर नाव घालायचा ताप वाचला. माझा स्वभावच असा आहे मेला, रडायची वेळ आली की मी खवचट बोलते. ते नाव मी इथं लिहिणार नाही. आणि माहेरचं नाव आता कुणाच्या तोंडात उरलेलं नाही, त्यामुळं तेही राहू दे.

दुसरं मिळालं ते तिच्या झंपरांचं गाठोडं. मी शिवणकाम करणारी बाई. मापात बसणं म्हणजे काय ते मला कळतं. एका मापाच्या दोन बाया सापडत नाहीत, खांदा जुळला तर बगल जुळत नाही. तिचे झंपर मला असे बसले, जणू मीच स्वतःसाठी बेतले होते. एक टाका उसवावा लागला नाही. मी आरशासमोर उभी राहिले. मग तो झंपर काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी घातला, कारण घालायला दुसरं नव्हतं.

आणि तिसरी मिळाली पोरगी. थोरली चार दिवसांच्या तापात गेली तेव्हा ही जेमतेम बोलू लागली होती. मी आले तेव्हा चार वर्षांची. मी उंबरा ओलांडून आत आले तसं आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, तिला उचलून माझ्यासमोर धरलं आणि माझ्या गळ्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ही बघ तुजी आई. आता हितं राहती." पोरीनं टाक बघितला. बराच वेळ बघितला. माझ्याकडं नाही बघितलं.

सुरवातीला दुपारची ती माझ्या कुशीत झोपायची. झोपताना टाक तोंडात धरायची, चुटुचुटु चोखायची. माझी मान अवघडायची, घामाच्या धारा लागायच्या, पण मी हलायची नाही. तेवढा वेळ तरी लेकरू माझ्या अंगाला लागून असायचं. मोठी झाली तसं ते बंद झालं आणि दुसरं सुरू झालं. रोज सकाळी दप्तर पाठीला लावून माझ्यापुढं यायची, बोटावर कुंकू घेऊन टाकाला लावायची आणि टाकालाच सांगायची, "आई, शाळेत चालले." "आई, गनितात पैकीच्या पैकी पडले." "आई, आज पोटात दुखायलंय." नजर माझ्या हनुवटीच्या खाली. मला काही म्हणायचं असलं तर नुसतंच, "वेणी घाल", "भाकर वाढ". हाक अशी नाहीच. मी आठ वर्षं त्या पोरीचा भांग बघितला. फोटो टांगायला भिंतीला खिळा ठोकतात, त्या खिळ्याला कोण बघतं?

मला त्या घरात सोनंनाणं नको होतं, जमिनीत नाव नको होतं. ह्या पोरीनं एकदा मान वर करावी, माझ्या तोंडाकडं बघावं आणि मला हाक मारावी, एवढंच पाहिजे होतं. नवऱ्याला एकदा बोलून दाखवलं तर तो गवत कापायचं सोडून म्हणाला, "आई म्हनती की ती." मी म्हटलं, "कुनाला म्हनती?" त्यानं विळा उचलला. माणूस वाईट नाही माझा, पण थोरलीचा विषय निघाला की शेताकडं चालू लागतो.

आता एक सांगते, ते मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही. एकदा मी चुलीपुढं भाकरी थापत होते. आत्याबाई दारात आल्या आणि तिथंच थिजल्या. पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "थोरली अशीच डाव्या हातानं थापायची गं." मी खाली बघितलं. थापत होता तो माझा डावा हात. मी जन्माची उजवी. थोरली डावरी होती हे मला कुणी कधी बोललं नव्हतं. हात माझाच, बांगड्या माझ्या, मनगटावरचा गोंदलेला ठिपका माझा, आणि तो हात परातीत गोल गोल फिरत सुरेख भाकरी थापत होता. मी घाईघाईनं उजवा हात पुढं केला तर भाकरी फाटली. त्या दिवसापासून फाटतेच. आजही मला उजव्या हातानं भाकरी येत नाही.

तर अशा घरात सिनेमावाले आले.

पुण्याच्या म्याडम होत्या, तिशी-पस्तिशीच्या, केस आखूड, खांद्याला झोळी. धारूरचा किल्ला बघायला म्हणून आल्या होत्या, परतताना रस्त्यावरून आमचं घर दिसलं. मागं विहीर, पुढं ओसरी, वर मातीचं सपाट माळवद. म्हणाल्या, आम्हाला असंच घर हवंय. सिनेमाची गोष्ट अशी होती की एक शहरातली बाई नवऱ्याला सोडून खेड्यात येते आणि पहिल्यापासून जगायला लागते, आणि हळूहळू तिचं डोकं फिरतं. मी चहा द्यायला वाकले आणि टाक पदराबाहेर आला. म्याडमनी विचारलं, "हे काय आहे ताई? देवी का?"

मी म्हटलं, "न्हाई, सवत हाय."

त्या हसल्या. मग माझं तोंड बघून हसायचं थांबवलं. मी सगळं सांगितलं, हळद, नाव, भांडी. डाव्या हाताचं नाही सांगितलं. चहा गार झाला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. महिन्याभरानं त्या परत आल्या तेव्हा सिनेमाची अख्खी गोष्टच बदलून आणली होती. आता शहरातली बाई नव्हती. आता बिजवराची दुसरी बायको होती आणि तिच्या गळ्यात टाक होता.

हिरोईनला टाक हवा म्हणून मी म्याडमना घेऊन धारूरच्या सोनाराकडं गेले. माझाही त्यानंच केलेला. मी म्हटलं, "असाच पाहिजे." त्यानं माझ्या गळ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गल्ल्यामागच्या डब्यातून एक पितळी ठसा काढला, चांदीचा पातळ पत्रा वर ठेवला आणि हाणली हातोडी. उमटली बाई, हात जोडून.

मी म्हटलं, "अवो, ही तर आमचीच थोरली."

"समद्यांचीच हाय," सोनार म्हणाला. "माज्या आज्याचा ठसा हाय ह्यो. ह्या भागातल्या जितक्या थोरल्या गेल्या, त्या ह्यातूनच निघाल्यात."

म्याडम वही काढून लिहायला लागल्या. मी मात्र दुकानाच्या पायरीवर बसले. आठ वर्षं ज्या तोंडाला मी भ्यायले ते तोंड तिचं नव्हतंच. आणि भ्यायले म्हणूनच मी त्या टाकाकडं कधी जवळून नीट बघितलंही नव्हतं. तसंही गळ्यातली वस्तू आपल्याला दिसत नाही, समोरच्याला दिसते. रडू आलं, रागही आला. पण घरी येऊन जेवताना पहिला घास टाकाला लावलाच, आणि तो डाव्या हातानं लावला.

उन्हाळ्यात शूटिंग सुरू झालं. सगळं गाव आमच्या ओसरीपुढं. नवरा पहिल्या दिवशी तासभर थांबला आणि शेतावर गेला तो रोजचाच गेला. आत्याबाईंनी मात्र बाज दारापुढं ओढून घेतली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, सावली तेवढी कळायची. म्याडमना जुन्या वापरलेल्या साड्या हव्या होत्या, तर आत्याबाईंनी आपण होऊन थोरलीची पेटी उघडून दिली. झंपर मी हिरोईनच्या मापाचे करून दिले. तिला ते सैल होत होते. टाचण्या लावताना ती पोर मला म्हणाली, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"कशाची? ती माझ्याआधीपसून हाय ह्या घरात. भ्यायचं तर तिनं मला भ्यावं." असं मी म्हटलं. म्हणताना टाचणी माझ्याच बोटात गेली.

नवी नवरी माप ओलांडून घरात येते, तो भाग घ्यायचा होता. हिरोईन यायची, पायानं माप लवंडायची, तांदूळ सांडायचे, दोन पावलं आत यायची. म्याडम ओरडायच्या, "परत!" मग तांदूळ झाडून मापात भरायचे, ती मागं अंगणात जायची आणि पुन्हा नव्यानं घरात यायची. "परत! पहिल्यापासून!" पुन्हा तीच नवरी, तेच तांदूळ. अन् प्रत्येक वेळी आत्याबाई बाजेवरून हात पुढं करायच्या, थोरलीचं नाव घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आली गं माजी बाय." प्रत्येक वेळी! एकदा आलेली त्या विसरून जायच्या, नाहीतर त्यांच्या डोळ्यांपुढं खरंच इतक्या जणी येत असतील, मला काय ठाऊक. लोक हसत होते. मला हसू येईना. मी ज्या दिवशी आले तेव्हा त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला नव्हता.

पोरगी ओसरीच्या खांबाला टेकून हे सगळं बघायची. बारा वर्षांची झाली होती. मी एकदा विचारलं, "काय बगतीस एवढं?" तिनं माझ्या गळ्याकडं बघून उत्तर दिलं, टाकाला दिलं, "आई, ती बाई खोटी हाय."

शेवटचा भाग अक्षय्य तृतीयेला घ्यायचा ठरलं, आमच्याकडं आखिती म्हणतात. सिनेमात ती बाई शेवटी गळ्यातला टाक काढते आणि विहिरीत सोडते. मग हसते. मग गाव सोडून बसमध्ये बसते. टाक एकच करून घेतला होता, म्हणून म्याडम सगळ्यांना बजावत होत्या, "ह्याला परत नाही हं. एकदाच." त्यांच्या तोंडून ते ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, सगळंच पहिल्यापासून करता येत नाही, हे बाईला कळलं एकदाचं.

पण त्या नादात एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. आखिती पितरांचा सण. त्या दिवशी आत्याबाई देवघरातले सगळे टाक काढून चिंच आणि राखेनं घासतात, आणि वर्षातून तेवढ्या एका दिवशी माझ्या गळ्यातला टाकही उतरवतात. घासायचा, काळा दोरा बदलायचा, पूजा करायची आणि परत बांधायचा. सकाळी त्यांनी माझा उतरवला. मी माणसांच्या चहाला लागले.

सिनेमावाल्यांच्या टाकाला सामान सांभाळणाऱ्या माणसानं बूटपॉलिश चोळून ठेवलं होतं, जुना दिसावा म्हणून. तो ओसरीत टेबलावर पडलेला, कंगवे-पावडरींच्या पसाऱ्यात. आत्याबाई चाचपत तिथनं गेल्या, हाताला टाक लागला, डोळ्याजवळ नेऊन बघितला आणि बाईचा पारा चढला. "मुडद्यांनो, ही बाय अशी उगड्यावर कावून टाकलीय? सवाष्ण गेल्याली बाई ती! अन् तोंडाला काळं फासलंय मेल्यांनी!" कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तो उचलून नेला. त्यांच्या लेखी टाक म्हणजे टाक. खोटा टाक असतो हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. दोन्ही घासले, दुधानं धुतले, दोन्हींना एकाच रिळाचा काळा दोरा ओवला आणि एकाच ताटात ठेवून हळदकुंकू वाहिलं.

दुपारचे बारा वाजायला आले होते. ऊन डोक्यावर, विहिरीच्या काठावर सगळा गोतावळा. सामानवाला धावत आत आला, ताटापुढं थांबला. दोन्ही लख्ख, दोन्ही सारखे. "ताई, आमचं कोणतं?" माझ्या हातात उकळता चहा होता. मी म्हटलं, "थांबा, आले." तेवढ्यात पोरगी देवघरात वाकली, एक उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला. तो पळाला, त्याच्यामागं पोरगीही. मी चहाचं पातेलं खाली ठेवलं आणि तिच्यामागोमाग विहिरीवर गेले.

हिरोईननं टाक तळहातावर धरला. कॅमेरा तिच्या हाताशी लावला होता. लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. तिनं हात उलटा केला. कितीतरी वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग खालून आवाज आला, टुप, एवढाच. माझा हात आपोआप गळ्याकडं गेला. गळा मोकळा होता. लग्नानंतर पहिल्यांदा भर दुपारी मी मोकळ्या गळ्यानं उभी होते आणि मला श्वास असा लागला की भोवळच आली. पोरीनं माझा पदर धरला होता, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

घरात आले तर आत्याबाई टाक घेऊन वाटच बघत होत्या. बांधला माझ्या गळ्यात. चांदी गार लागली. मग सामानवाला हसत हसत म्हणाला, "ताई, आजींनी पॉलिश काढलं ना, मला तर कळलंच नाही कोणता कोणता ते. तुमचाच तर नाही ना गेला?" मी त्याला म्हटलं, "जावा आता, जेवून घ्या." आणि मागच्या दारी जाऊन उलटी केली.

सिनेमावाले गेले. घर पहिल्यासारखं झालं, म्हणजे दिसायला. मी कुणाला काही बोलले नाही. बोलून काय, आत्याबाई विहीर उपसायला लावतील, नवरा आणखी लांबच्या शेताला जाईल. आणि पोरगी? तिला कळलं की तिची आई माझ्या गळ्यातून गेली, तर ती माझ्यापुढं कशाला येईल? टाकासाठी का होईना, रोज सकाळी यायची तर होती. माझ्या जिवाला घोर लागला तो हा.

आणि झालंही तसंच काहीसं. पोरगी दुसऱ्या दिवशी आली, कुंकू लावलं, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नाही, पुढंही नाही. बोट टेकवायची आणि पळायची. पोटात दुखायलंय नाही, गणित नाही, काही नाही. मला वाटायचं तिला पाठीमागून धरावं आणि म्हणावं, बोल गं, त्याला तरी बोल.

मलाही चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं होतं. खरं सांगू का, आठ वर्षं मी थोरलीशी मनातल्या मनात भांडत आले होते. भाजीत मीठ जास्त झालं की, तूच टाकलंस. नवरा कुढत बसला की, जा, तूच समजाव तुझ्या दादल्याला. भांडायला घरात दुसरं होतं कोण? आता भांडावं तर पलीकडं कुणी नाही असं वाटायचं. घराला कुलूप लावून शेजारीण गावाला जावी तसं. तिची मला आठवण यायला लागली, सांगितलं तर लोक वेड्यात काढतील.

मग मी विहिरीवर जायला लागले. पाणी आणायला नव्हे, ते नळालाच येतं. दुपारी, सगळे झोपले की कठड्यावरून वाकून बघायची. खाली पाण्यात माझं तोंड दिसायचं आणि गळ्यापाशी एक पांढरा ठिपका लुकलुकायचा. तो माझ्या गळ्यातला होता की तळातला, हे मला कधी उमगलं नाही. मी मागं सरकले की तोंड जायचं. ठिपका जरा उशिरा जायचा.

थंडी पडली आणि म्याडमनी सिनेमा पाठवला, मोबाईलवर. रविवार होता, पोरीनं तो टीव्हीला जोडला. नवरा म्हणाला, "कापसाकडं जाऊन येतो." आत्याबाई बाजेवर, मी खाली, पोरगी माझ्यापासून हातभर अंतरावर. आमचीच ओसरी, आमचीच चूल, आमचीच भांडी, नाव वळवून ठेवलेली. हिरोईन भाकरी थापत होती, उजव्या हातानं, आणि सारखी बाहेर डोकावत होती. भेदरलेली बाई छान केली होती तिनं. आत्याबाई विचारत होत्या, "कोन हाय गं ती?" मी सांगत होते, "नटी हाय, आत्याबाई."

शेवट आला. विहीर. तळहात. अख्ख्या पडद्यावर तो टाक, आमच्या टीव्हीएवढा मोठा. हात जोडलेली बाई. आणि तिच्या पायांखाली, पत्र्याच्या कडेला, दोन बारके खळगे. शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढे.

दात होते ते. दुधाचे दात.

हात उलटा झाला. टुप.

मी पोरीकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती. "माजे हायत," ती हळूच म्हणाली. "बारकी असताना चावलतं मी."

मी विचारलं, "म्हंजे तुला कळलं हुतं? ताटातला कोनता ते?"

तिनं मान डोलावली.

"मग दिलास कावून गं?"

"ती दमलती," पोरगी म्हणाली. "रोज ऐकून ऐकून. मी तिला इचारलं, जाती का? तर हो म्हनली." मग ओढणीची कड बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला भ्या वाटलं तू रागवशील. म्हनून बोलले न्हाई."

'तू' म्हणाली. मला म्हणाली. मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "आनखी काय म्हनली ती?"

"म्हनली, मी आता गळ्यात न्हाई. हातात हाय."

माझा डावा हात जमिनीवर टेकलेला होता, आम्हा दोघींच्या मधे. मी तो उचलला नाही. मला उचलता आलाच नाही.

बाजेवरून आत्याबाई विचारायला लागल्या, "काय झालं गं? टाकला व्हय हिरीत? बया बया, सिनेमात झालं म्हनून काय असं करायचं!" मग हात लांबवून त्यांनी माझा गळा चाचपला, टाकावर बोट फिरवलं, आणि निवांत झाल्या. "आपली हाय की जाग्यावर."

मी म्हटलं, "हाय, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपुढं होते. पोरगी दप्तर घेऊन आली, बोटावर कुंकू. सवयीनं माझ्या गळ्यापाशी वाकली. बोट टाकाजवळ नेलं आणि तिथंच थांबलं. मग तिनं मान वर केली. तिच्या डाव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, एक तपकिरी ठिपका आहे. आठ वर्षं वेण्या घातल्या, ताप उतरवले, आणि मला ते ठाऊक नव्हतं. तिनं कुंकू माझ्या कपाळाला लावलं.

"आई, शाळेत चालले," ती म्हणाली.

माझा डावा हात पिठात होता. तो थापायचा थांबला होता, तिच्याकडं वळला होता, आणि मी त्याला वळवलं नव्हतं. हाक कुणाला होती, मला सांगता येणार नाही. पण ती माझ्या तोंडाकडं बघून मारली होती.

मी ओ दिली.